जमिनीखालचं विरजण: भूजलातला टीसीई आणि त्यावर जगणारे जिवाणू

पाणाड्या

गेली अकरा वर्षं मी न्यू जर्सीत भूजल सफाईच्या कामात आहे. साताऱ्याला आईला फोनवर काम समजावून सांगायचं झालं तर "आम्ही जमिनीखाली विरजण लावतो" असं सांगतो, आणि तिला ते लगेच कळतं. मागच्या आठवड्यात इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "रसायन एकदा भूजलात गेलं की संपलं, त्यावर उपाय नाही." ते वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हा धागा. उपाय आहे. सोपा नाही, झटपट तर मुळीच नाही, पण आहे.

आधी रसायनाबद्दल. ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई. धातूच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला कारखान्यांत वापरतात. त्याचंच भावंड पीसीई, ते ड्राय क्लीनिंगवाल्यांचं. एके काळी टीसीई शस्त्रक्रियेत भूल द्यायला वापरत आणि कॉफीतलं कॅफीन काढायलाही. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

याची खोड अशी की ते पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतं. डिझेल सांडलं तर भूजलाच्या वर तरंगतं, निदान सापडतं तरी. टीसीई पाण्यातून खाली बुडत जातं, चिकणमातीच्या थरावर किंवा कातळावर साचून राहतं आणि तिथून कितीतरी दशकं थोडं थोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीईचं वजन साधारण 1.46 किलो. भागाकार केला तर एवढं एक लिटर 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर 29 हजार टँकर. पिंपातून गळालेल्या एका बाटलीभर द्रवाचा हा हिशोब आहे.

पूर्वी यावर एकच मार्ग होता: उपसा. पाणी वर काढायचं, त्यात हवा सोडून किंवा कोळशातून गाळून साफ करायचं. वर्षानुवर्षं पंप चालवले, आकडे खाली आले, पंप बंद केला की पुन्हा वर. चिकणमातीत मुरलेलं रसायन सावकाश परत बाहेर येतं, त्याला पंप काय करणार?

आता जिवाणू. 1985 मध्ये व्होगेल आणि पेरी मॅकार्टी यांनी दाखवलं की हवा नसलेल्या वातावरणात, म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत असतं तसल्या वातावरणात, पीसीईमधली क्लोरीन एकेक करून निघत जाते. 1989 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात फ्रीडमन आणि गॉसेट यांनी ती शेवटपर्यंत निघते हे दाखवलं. आणि 1997 मध्ये त्याच विद्यापीठात हे काम एकट्याने पुरं करणारा जिवाणू वेगळा काढला गेला. सापडला कुठे, तर इथाका शहराच्या मैलापाणी प्रकल्पातल्या गाळात. आज त्याचं नाव डिहॅलोकोकॉइडीस मॅकार्टीआय, मॅकार्टींच्याच सन्मानार्थ.

तो टीसीई "खातो" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते खटकतं, कारण खरी गंमत त्यातच हरवते. तो टीसीई *श्वसतो*. आपण अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतो. हा जिवाणू हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन घेतो आणि क्लोरीन लागलेल्या रेणूला देतो. मग क्लोरीनचा एक अणू सुटून साधा क्लोराइड होतो, मिठात असतो तो. पीसीईत चार क्लोरीन, टीसीईत तीन, मग डीसीईत दोन, व्हिनाइल क्लोराइडमध्ये एक आणि शेवटी इथीनमध्ये एकही नाही. इथीन म्हणजे इथिलीन, आपल्या आंब्याच्या अढीत आंबा पिकवणारा वायू. विषापासून अढीपर्यंतचा हा प्रवास मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही येतो.

पण या प्रवासातलं शेवटून दुसरं स्टेशन नीट पाहा. व्हिनाइल क्लोराइड हेही पक्कं कर्करोगकारक, आणि त्याची मर्यादा लिटरमागे फक्त 2 मायक्रोग्रॅम. म्हणजे काम अर्ध्यावर थांबलं तर पाणी आधीपेक्षा वाईट होऊ शकतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जागेचा अहवाल घेऊन साहेबांकडे गेलो. टीसीई जवळपास नाहीसं झालं होतं आणि माझा आनंद लपत नव्हता. त्यांनी कागद उलटून एवढंच विचारलं, "इथीन कुठे आहे?" इथीन नव्हतंच. मी ते मोजायलाही सांगितलं नव्हतं.

सुमेधा_क

पाणाड्या दादा, फार छान लिहिलंत. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकतेय, एमएस्सीचं दुसरं वर्ष. एक शंका: जिवाणू गाळात, मातीत सगळीकडे असतातच ना? मग विरजण बाहेरून का लावायचं?

पाणाड्या

सुमेधा, अगदी मोक्याचा प्रश्न. सगळीकडे नसतात. टीसीईचं डीसीई करणारे बरेच प्रकार आहेत. पण डीसीईपासून इथीनपर्यंत नेणं मुख्यतः डिहॅलोकोकॉइडीसच्या काही वाणांनाच जमतं. ते नसले की काम डीसीईपाशी अडकतं.

याचं उत्तम उदाहरण डेलावेअरमधल्या डोव्हर हवाई तळावरचं. तिथे जिवाणूंना अन्न म्हणून जमिनीत लॅक्टेट, म्हणजे दह्यातल्या आम्लाचा क्षार, सोडत राहिले. 269 दिवसांत टीसीईचं डीसीई झालं आणि गाडी तिथेच थांबली. मग फ्लोरिडातल्या लार्गोहून, दुसऱ्या प्रदूषित जागेवरच्या मातीतून वाढवलेलं विरजण आणून सोडलं. पुढचे 90 दिवस काहीच नाही. त्यानंतर व्हिनाइल क्लोराइड आणि इथीन दिसू लागलं, आणि 509 व्या दिवसापर्यंत टीसीई आणि डीसीई पूर्ण इथीनमध्ये गेलं होतं. ते मधले 90 दिवस त्या लोकांनी कसे काढले असतील हे ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल.

टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या केली हवाई तळावर टोरांटो विद्यापीठात वाढवलेलं केबी-1 नावाचं विरजण वापरलं. फक्त 13 लिटर. 200 दिवसांत त्या छोट्या प्रयोगाच्या जागेत पीसीई, टीसीई, डीसीई तिन्ही 5 मायक्रोग्रॅमच्या खाली.

काकवी

मी साखर कारखान्यात केमिस्ट होतो, आता निवृत्त. तुम्ही जिवाणूला हायड्रोजन लागतो म्हणालात. जमिनीखाली हायड्रोजन सिलिंडरने सोडता की काय? आणि लॅक्टेटसारखं महाग रसायन कशाला? आमच्याकडे मळी आहे, हवी तेवढी.

पाणाड्या

काकवी काका, तुमच्यासारख्या माणसाची वाटच पाहत होतो.

हायड्रोजन बाहेरून सोडत नाही. त्याच्यासाठी शेजारी लागतात. लॅक्टेट, मळी, सोयाबीन तेलाचं दुधाळ मिश्रण, चीज करताना उरणारी निवळी, यांपैकी काहीही जमिनीत सोडलं की दुसरे जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन आणि अॅसिटेट निघतं. आपला जिवाणू हायड्रोजनवर श्वसतो आणि अॅसिटेटपासून अंग घडवतो. त्याला बी-12 जीवनसत्त्वही लागतं, ते त्याला स्वतः करता येत नाही, तेही शेजाऱ्यांकडून. म्हणूनच मी "विरजण" म्हणतो, "जिवाणू" म्हणत नाही. आणतो ती अख्खी वस्ती असते.

मळी अमेरिकेत प्रत्यक्ष वापरलेली आहे, चालते. पण दोन गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. मळी भराभर आंबते, आम्ल होतं. क्लोरीन सुटतानाही आम्ल तयार होतंच. पीएच 6 च्या खाली गेला की डिहॅलोकोकॉइडीस काम टाकतो. मग खाण्याच्या सोड्यासारखं काहीतरी घालून सावरावं लागतं. तेलाचं मिश्रण सावकाश आंबतं, एकदा घातलं की कितीतरी महिने पुरतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेच घेतात.

काकवी

पीएचचं पटलं. उसाचा रस सांभाळण्यात आयुष्य गेलं, आम्ल चढलं की काय होतं ते पाहिलंय. मग शेतातल्या बोअरमध्ये कुणी दोन पिंपं मळी ओतली तर?

पाणाड्या

नका ओतू देऊ, काका. कुणी बोलत असेल तर हात धरून थांबवा. हे मी फार कळकळीने सांगतोय.

जमिनीत अन्न गेलं की आधी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट, आणि त्यानंतर कुठे क्लोरीनच्या कामाला जोर येतो. वाटेत मातीतलं लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतं, काही ठिकाणी आर्सेनिकही सुटतं. मिथेन तयार होतो. पाणी काळं पडतं, वास मारतं. आम्ही आधी जागेचा नकाशा काढतो, पाणी कुठून कुठे वाहतंय ते पाहतो, उताराच्या बाजूला निरीक्षण विहिरी घेतो, परवानगी काढतो, मगच सोडतो. त्या पट्ट्यातलं पाणी कुणी पीत नाही याची खात्री करून. पिण्याच्या किंवा शेतीच्या बोअरमध्ये मळी ओतणं म्हणजे दुसरं प्रदूषण.

कातळकर

पुण्यात भूशास्त्र शिकवतो. तुमची सगळी उदाहरणं वाळू-गाळाच्या जमिनीतली दिसतात. आमच्याकडे काळा पाषाण. वर थोडी माती, खाली मुरूम, मग कातळ, आणि पाणी असतं ते फटींत आणि दोन थरांच्या मधल्या लाल बोलात, म्हणजे लाल मातकट पट्ट्यात. अशा फटींत तुम्ही विरजण नेमकं कुठे पोचवणार? मला हे आपल्याकडे चालेल असं वाटत नाही.

पाणाड्या

सर, हीच शंका मला कित्येक वर्षं छळत होती, कारण मी शिकलो ते याच कातळावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयडाहो राज्यात आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीची टेस्ट एरिया नॉर्थ नावाची जागा आहे. खाली स्नेक नदीच्या पठाराचा फटींचा बेसॉल्ट. आपल्या दख्खनपेक्षा कितीतरी तरुण, आपला साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, पण आहे लाव्ह्याचेच थर. तिथे 1950 च्या दशकापासून एका विहिरीत सांडपाणी आणि टाकाऊ द्रव सोडत राहिले, त्यात टीसीई. त्याचा प्रदूषित पट्टा जवळजवळ तीन किलोमीटर पसरला. पाणी साठ मीटरहून खोल.

1999 पासून तिथे सोडियम लॅक्टेट सोडायला सुरुवात झाली. जिवाणू तिथल्या कातळातलेच, बाहेरून आणावे लागले नाहीत. टीसीई इथीनपर्यंत गेलं. 2001 मध्ये प्रदूषणाच्या मूळ जागी उपसा सोडून हीच पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. पुढे लॅक्टेटच्या जागी निवळीची पावडर घेतली. तिथे आणखी एक गोष्ट कळली: दाट लॅक्टेट किंवा निवळी सोडली की कातळात अडकलेलं टीसीई जास्त वेगाने विरघळून पाण्यात येतं, म्हणजे जिवाणूंच्या तोंडाशी येतं. फटींत साठलेल्या रसायनासाठी हे फार मोलाचं आहे.

म्हणून "कातळात चालत नाही" असं म्हणता येणार नाही. मात्र कुठली फट कुठे जाते हे शोधण्यात निम्मा खर्च जातो, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

कातळकर

हे उदाहरण मला माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांना सांगेन. तरीही उन्हाळ्यात आमचं भूजल दहा-पंधरा मीटर खाली जातं आणि पावसाळ्यात ताजं, हवा मिसळलेलं पाणी भसाभस आत येतं. हवेने मरणारे तुमचे जिवाणू दर जूनला संकटात सापडतील.

पाणाड्या

मान्य. वरच्या मुरमाच्या थरात हा धोका खरा आहे. खोल फटींत कमी. आयडाहोत असा पावसाळा नाही, त्यामुळे त्याचं उत्तर तिथून मिळणार नाही. ते आपल्याच पठारावर कुणीतरी दोन-तीन पावसाळे मोजून काढायला हवं. सर, तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घेतला तर मी रात्री जागून मदत करीन.

सडेतोड

माफ करा, पण मला या सगळ्याची भीती वाटते. "निसर्ग आपोआप साफ करतो" असं शास्त्रज्ञांनी म्हटलं की कारखानदाराला निमित्त मिळतं. सांडा, मग जिवाणू बघून घेतील. लोकांनी मात्र ते पाणी प्यायचं.

पाणाड्या

तुमची भीती रास्त आहे. अमेरिकेतही "आपोआप कमी होतंय, नुसतं लक्ष ठेवू" म्हणून वेळ काढलेल्या जागा मी पाहिल्या आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या लेज्यून छावणीत 1953 ते 1987 पर्यंत सैनिकांच्या कुटुंबांनी टीसीई-पीसीई मिसळलेलं पाणी प्यायलं. त्यातल्या एका वस्तीच्या पाण्यातलं पीसीई छावणीबाहेरच्या एका ड्राय क्लीनिंगच्या दुकानातून आलेलं. त्यांना दाद मागता यावी म्हणून वेगळा कायदा व्हायला 2022 उजाडलं.

पण सफाईची पद्धत आणि सफाईची जबाबदारी या वेगळ्या गोष्टी. तिकडे 1980 च्या सुपरफंड कायद्याने घाण करणाऱ्यावर खर्च टाकला. आपल्याकडे राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावलं. 2010 च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात ते लिहिलेलंच आहे, आणि 2025 मध्ये प्रदूषित जागांसाठी वेगळे नियमही आलेत. जिवाणू स्वस्त पडतात म्हणून बिल कुणाचं हे बदलत नाही.

आणि "साफ झालं" कधी म्हणायचं, यावर मी तरी अडून बसतो. टीसीई कमी झालं एवढ्याने नाही. डीसीई, व्हिनाइल क्लोराइड, इथीन आणि क्लोराइड हे चारही दाखवा, आणि इथीनपर्यंत नेणाऱ्या वीसीआरए जनुकाची मोजणी दाखवा. लिटरमागे एक कोटीच्या आसपास प्रती असल्या की काम खरंच चाललंय असं साधारण मानतात. हे कागदावर नसेल तर सही करू नका.

सुमेधा_क

हे जनुक बदललेले जिवाणू असतात का? आनंद चक्रवर्तींच्या तेल खाणाऱ्या जिवाणूसारखे? घरी सांगितलं तर आजीने पहिला प्रश्न हाच विचारला, "बाहेर पसरले तर?"

पाणाड्या

आजींना माझा नमस्कार सांग. नाही, हे निसर्गातलेच. चक्रवर्तींच्या जिवाणूचं नाव गाजलं ते 1980 च्या पेटंटच्या निकालामुळे. आपला हा जिवाणू क्लोरीनसारखे अणू लागलेल्या सेंद्रिय रेणूंशिवाय दुसऱ्या कशावरही श्वसू शकत नाही, आणि हवा लागली की मरतो. रसायन संपलं की तोही ओसरतो.

निर्मलाताई

तुमची चर्चा तीनदा वाचली. मी शाळेत शिक्षिका आहे. आमची सोसायटी औद्योगिक वसाहतीला लागून. मागे सुटे भाग धुणारं एक वर्कशॉप होतं, आता बंद आहे. आमच्या बोअरच्या पाण्याला कधीकधी गोडसर वास येतो. टीडीएस मीटरवर आकडा चांगला येतो, म्हणून सगळे म्हणतात पाणी उत्तम. आम्ही उकळून पितो. हे बरोबर आहे का?

पाणाड्या

ताई, आधी ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं थांबवा. तपासणी होईपर्यंत नळाचं किंवा टँकरचं घ्या.

टीडीएस मीटर क्षार मोजतो, टीसीई त्याला दिसतच नाही. आणि उकळू तर नकाच. टीसीई 87 अंशाला उकळतं, त्याची वाफ स्वयंपाकघरात पसरते आणि तुम्ही ती श्वासातून घेता. गरम पाण्याच्या अंघोळीतही तेच. वास नाही म्हणजे रसायन नाही असंही धरू नका. अपायकारक प्रमाण वास येण्याच्या कितीतरी खाली असतं. उलट, वास दुसऱ्याच कशाचा असेल हेही शक्य आहे, म्हणून तपासणीच हवी.

लॅबला "व्हीओसी, गॅस क्रोमॅटोग्राफीवर" असं सांगा. व्हीओसी म्हणजे सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं. यादीत पीसीई, टीसीई, सिस-डीसीई (डीसीईचाच एक प्रकार) आणि व्हिनाइल क्लोराइड ही चार नावं आहेत ना ते विचारा. बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या, 40 मिलिलिटरच्या काचेच्या, आत आम्लाचे थेंब असतात ते ओतून टाकू नका. बोअर थोडा वेळ चालू ठेवा, मग पाणी बारीक धारेने, खळखळ न करता भरा. काठोकाठ. झाकण लावून बाटली उलटी करा, बोटाने टिचकी मारा. एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण रसायन त्या हवेत निघून जातं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. मग लगेच बर्फात.

काकवी

ताई, बर्फ पुरेसा घाला. नमुने नासलेले मी खूप पाहिलेत, आणि नासलेल्या नमुन्यावर कुणी भांडू शकत नाही.

निर्मलाताई

शनिवारी केलं. सोसायटीच्या सचिवांना आधी पटत नव्हतं, ते नंतर स्वतः टॉर्च धरून उभे राहिले. सहा बाटल्या भरल्या. दोनमध्ये बुडबुडा राहिला होता. त्या बाजूला ठेवल्या आणि लॅबने जादा दिलेल्या नव्या दोन भरल्या. खोक्यात बर्फ घालून रात्रीच्या गाडीने पाठवलं, सकाळी पोचल्याचा फोन आला. रिपोर्ट दहा दिवसांनी. चारही नावं यादीत आहेत, विचारून घेतलं. तोवर बोअरच्या स्विचला कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे आहे.